तिसऱ्या मजल्याचं शून्य

आमच्या दादाला हॉस्पिटलात सगळे 'नाकेबंदी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दादाला ते माहीत आहे, कारण पाठीमागे कोण काय बोलतं हे शोधून काढणं हा त्याचा जन्मजात उद्योग. पगार मात्र त्याला हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळण्याचा मिळतो.

लहानपणापासून तो असाच. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, अर्धा जिना उतरायचा, परत वर यायचा आणि चौथ्यांदा ओढायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याच्या ऑफिससमोरच्या चहाच्या दुकानात हा तीन आठवडे रोज जाऊन बसला. शेवटी नवराच रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "दादा, आत येऊन बसा ना, आत पंखा आहे." यावर दादाने घरी येऊन काय अहवाल द्यावा? "मुलगा फारच सरळ वागतो. काहीतरी लपवतोय." लग्नाला चौदा वर्षं झाली, अजून त्याला काही सापडलेलं नाही, पण फाइल बंद झाली असं त्याने कधी म्हटलेलं नाही.

वहिनी एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, तुमच्या दारात देव आला तरी त्याला ओळखपत्र काढावं लागेल." दादा म्हणाला, "खोटं ओळखपत्र असू शकतं."

आई गेल्यावर हे फारच वाढलं. आई आमच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर एकोणीस दिवस होती. किडनीचा आजार. जाण्याच्या आदल्या दुपारी तिच्या रक्तातला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या बिघाडाचा आकडा उतरल्याचं आम्हाला सांगितलं, आम्ही दोघं निर्धास्त होऊन खाली चहा प्यायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. "आकडा उतरला होता, मग गेली कशी?" हे वाक्य दादाने गेल्या दोन वर्षांत मला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. त्याने औषधांवर संशय घेतला, औषधं आणणाऱ्यावर घेतला, मोठ्या डॉक्टरांवर घेतला. औषधांची सगळी फाइल मागवून ओळ न् ओळ वाचली. निघालं काहीच नाही.

मी त्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. रक्त तपासते, रिपोर्ट तयार करते. आता दादाचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तो सांगायला बसला तर संध्याकाळ होते.

तळमजल्यावर जिन्याखाली त्याची खोली आहे. खोली कसली, कपाटच, पण थंडगार. तिथे लोखंडी घोडीवर रुंद, चपट्या पेट्या बसवल्या आहेत. त्यांना स्विच म्हणतात. पुढच्या बाजूला दोन रांगांत भोकं, प्रत्येक भोकात एक वायर, आणि वर हिरवे दिवे सारखे लुकलुकत असतात. हॉस्पिटलातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वायर फिरत फिरत यातल्या कुठल्या ना कुठल्या पेटीत येते. लॅबची पेटी वेगळी आहे, आणि तिच्यात दादाने स्वतः लिहिलेली एक यादी आहे: लॅबच्या रिपोर्टांपर्यंत कुणाला जाऊ द्यायचं आणि कुणाला अडवायचं. प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्या पत्त्यांवर ही यादी चालते.

"यादी वरून खाली वाचली जाते," दादा सांगायचा. "जी ओळ पहिली लागू पडली तिथे निकाल लागला. खाली काय लिहिलंय ते पेटी मग वाचतसुद्धा नाही. आणि एकही ओळ लागू पडली नाही तर? तर बाहेर! ती शेवटची ओळ लिहिलेली नसते, पण असते." हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की बस. सगळ्या जगात आपल्या स्वभावाचं एकतरी कुणी आहे, याचा आनंद.

न लिहिलेली ओळ मोजता येत नाही, म्हणून त्याने प्रत्येक मजल्यासाठी 'बंद'ची वेगळी ओळ लिहून ठेवली होती. लिहिलेल्या ओळीपुढे आकडा येतो: कितीदा कुणी दार ठोठावलं आणि परत गेलं. दर सोमवारी दुपारी हा फक्त त्या बंद ओळी काढून वाचायचा. "पहिला मजला नऊ. दुसरा सात. चौथा एकवीस, चौथ्यावर माझं लक्ष आहे. तिसरा शून्य." आणि मग समाधानाने म्हणायचा, "तिसरा मजला सज्जन. मोठ्या सिस्टर आहेत ना तिथे."

या मोठ्या सिस्टर म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या प्रमुख परिचारिका. आईची शुश्रूषा त्यांनीच केली होती. ज्या दोन-तीन माणसांवर दादाने कधी संशय घेतला नाही, त्यांतल्या एक.

गेल्या महिन्यात त्याच सिस्टरांच्या छातीत गाठ निघाली. नमुना आमच्या लॅबमध्ये आला. गुरुवारी दुपारी रिपोर्ट तयार झाला, चांगला नव्हता. डॉक्टर स्वतः चार वाजता त्यांना बोलावून सांगणार होते. पण दोन वाजता वॉर्डातल्या मावशींनी भर पॅसेजमध्ये सिस्टरांचे हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सिस्टर, धीर सोडू नका हो." स्वतःला कॅन्सर झाल्याचं त्या बाईला असं कळलं, औषधांची गाडी ढकलता ढकलता. मावशींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, त्या कुणीतरी आणखी कुणाकडून. सगळा मजला आधी शहाणा झाला होता.

अधीक्षक मॅडम भडकल्या, आणि भडकायलाच हवं होतं. चौकशी सुरू झाली. आमच्या रिपोर्टांच्या प्रोग्रामात नोंद निघाली: एक वाजून दहा मिनिटांनी लॅबच्या नावाने रिपोर्ट उघडला गेला. लॅबचं नाव आणि पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच. कुठल्या कॉम्प्युटरवरून उघडला ते प्रोग्राम लिहीत नाही. पण लॅबच्या चार कॉम्प्युटरांशिवाय दुसरीकडून तो उघडूच शकत नाही, हे दादाच्या यादीमुळे सगळ्यांना माहीत. एक वाजता लॅबमधले बाकीचे जेवायला गेलेले असतात. त्या दिवशी लॅबमध्ये मी एकटी होते.

शुक्रवारी दादाने मला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तू उघडलास का तो रिपोर्ट?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. "मी? दादा, मी कशाला उघडू?"

"सहज. कुणी मैत्रिणीने विचारलं असेल. तोंडून निघून गेलं असेल. मी रागावणार नाही, खरं सांग."

"अरे, मी नाही उघडला."

"यादी खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"आणि बहीण बोलते?"

तो 'नाही' म्हणाला असता तर मी बाकी सगळं विसरले असते. पण तो त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिला. परक्यांवर संशय घेणारा भाऊ आम्ही हसून सोसला होता. आता पाळी माझ्यावर आली होती आणि हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

सोमवारी तीन वाजता निर्णय होणार होता. त्याआधी दादाने एका कागदावर सही करायची होती: 'लॅबबाहेरून रिपोर्ट उघडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.' त्या सहीने माझी अकरा वर्षांची नोकरी जाणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शनिवार-रविवार वहिनी त्याच्याशी बोलली नाही. मला फोन करून म्हणाली, "वन्सं, यांना जेवायला वाढते तेवढंच. तेसुद्धा ताट आपटून."

आता खरं सांगायचं, तर त्या दोन दिवसांत संशयाची लागण मलाही झाली. लॅबमधल्या प्रत्येकाचा चेहरा मी न्याहाळत होते. ही जेवायला गेली होती की तसं दाखवलं? हा लवकर कसा परत आला? अकरा वर्षं माझ्या शेजारी काम करणारी सोबतीण मला डब्यातलं काही घे म्हणाली, तर मला वाटलं, ही आज एवढी गोड का बोलते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोर नसलेल्यालाही ते चांदणं झोपू देत नाही, हे तेव्हा कळलं.

सोमवारी दुपारी बाराला मी दादाच्या खोलीत गेले. म्हटलं, सही करायची तर माझ्यासमोर कर. कागद टेबलावर होता, शेजारी पेन. पण आज सोमवार, त्यामुळे सवयीने तो आधी आपले आकडे वाचत होता.

"पहिला मजला अकरा. दुसरा पाच. चौथा अठरा. तिसरा शून्य."

मी म्हटलं, "किती दिवस शून्य आहे ते?"

"तिसरा? नेहमीच. दोन वर्षं."

"दोन वर्षांत एकदाही नाही? चुकूनसुद्धा कुणाचं बोट पडलं नाही? चौथ्यावर आठवड्याला अठरा, आणि तिसऱ्यावर सगळे संत?"

मी पुढे बोलत राहिले, रागाच्या भरात. "आमच्याकडे रोज सकाळी मशीन सुरू केलं की आधी एक ठरलेला नमुना घालतो. त्याचा आकडा आम्हाला आधीच माहीत असतो. तिथे जर मशीनने शून्य दाखवलं, तर 'वा, रक्त किती स्वच्छ' असं म्हणून आम्ही टाळ्या पिटत नाही. मशीन बंद करतो. शून्य आलं की आम्ही पहिला संशय मशीनवर घेतो, दादा. तू सगळ्या दुनियेवर घेतलास, तुझ्या त्या शून्यावर कधी घेतलास का?"

त्याचा हात कळफलकावर होता तसाच राहिला. मग तो उठला आणि जिना चढायला लागला. मी त्याच्या मागे.

तिसऱ्या मजल्यावर परिचारिकांच्या काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर आहे. दादाने उभ्या उभ्याच लॅबचा पत्ता टाइप केला. तिथे 'पोहोचता येत नाही' असं यायला हवं होतं. त्याऐवजी आमच्या लॅबचा निळा पडदा उघडला, मी रोज बघते तोच. आणि त्याहून वाईट म्हणजे नावाच्या जागी नाव आधीच भरलेलं होतं, पासवर्डच्या जागी काळे ठिपके ओळीने बसलेले. नुसतं बटण दाबलं की आत.

ते ठिपके मीच बसवलेले होते. आईच्या आजारपणात मी रजा घेऊन तिच्या उशाशी बसत होते, तेव्हा याच काउंटरवर मी लॅबचा पासवर्ड टाकला होता. कॉम्प्युटरने विचारलं, लक्षात ठेवू? मी घाईत 'हो' दाबलं होतं. आई गेल्यावर ती वाट दादाने केव्हाच बंद केली असेल, असंच मी धरून चालले होते.

खाली येऊन दादाने यादी पहिल्यांदाच वरपासून काढली. दोन वर्षं तो फक्त बंद ओळी वाचत होता. उघड्या ओळी आपणच लिहिल्या आहेत, त्या काय बघायच्या? सगळ्यात वर, बाकीच्या सगळ्या ओळींच्या डोक्यावर, एक शेरा होता. शेरा म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली ओळ, पेटीला तिच्याशी काही घेणंदेणं नसतं. शेऱ्यात लिहिलं होतं: 'आईसाठी. तात्पुरती.' आणि त्याखाली: तिसऱ्या मजल्याला सगळं खुलं. पुढे आकडा होता, छत्तीस हजारांचा.

पहिली लागू पडलेली ओळ. खाली तिसऱ्या मजल्याची बंद ओळ होती, पण तिथपर्यंत कुणी पोहोचतच नव्हतं, म्हणून तिच्यापुढे शून्य.

"तूच म्हणाली होतीस," दादा हळू आवाजात म्हणाला. "रिपोर्टचा कागद वर यायला दोन तास लागतात, तोवर जीव टांगणीला लागतो."

"मीच म्हणाले होते."

आईचा रिपोर्ट तयार झाला की मोठ्या सिस्टर काउंटरवर चष्मा लावून तो उघडायच्या आणि आकडा वाचून दाखवायच्या. काउंटरच्या अलीकडे दादा आणि मी. त्यासाठी ही ओळ. दार त्याने उघडलं होतं, किल्ली मी दारालाच लावून ठेवली होती आणि आई गेल्यावर त्या दाराकडे फिरकायची दोघांचीही छाती झाली नाही.

दादाने यादी बदलायची तयारी केली. त्याची एक पद्धत आहे. पूर्वी एकदा चुकीच्या जागी ओळ घालून त्याने स्वतःलाच पेटीबाहेर काढलं होतं, तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यासारखा तो ताकही फुंकून पितो. बदल करण्याआधी पेटीला सांगून ठेवतो: दहा मिनिटांत मी 'थांब' म्हटलं नाही, तर तू आपोआप बंद होऊन पुन्हा चालू हो आणि जुनी यादी परत आण.

त्याने दहा मिनिटं लावली. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं: हा आता ती ओळ पुसणार. पुसली की झालं. तीन वाजता कुणी तपासलं तर यादी चोख, तिसरा मजला बंद, आणि टेबलावरचा कागद सहीसाठी तयार. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाकडे त्याच्या नजरेने बघितलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं. अशा बाबतीत तो फार हुशार आहे.

"घे संशय," तो म्हणाला. "बरोबर आहे."

मग त्याने पुसण्याआधी यादी छापायला टाकली. प्रिंटर कुरकुरला, दोन पानं बाहेर आली, सगळ्यात वर 'आईसाठी'. ती पानं त्याने माझ्या हातात दिली. त्यानंतर खुली ओळ काढली आणि तिसऱ्या मजल्यावर फोन लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, उघडत नाही. आता फक्त 'थांब' म्हणून यादी जतन करायची होती. तो बसून राहिला. चार मिनिटं उरली, मग तीन.

"शेराही काढू?" त्याने विचारलं.

"त्याने कुणी आत येतं?"

"नाही."

"मग राहू दे."

दीड मिनिट उरलं असताना त्याने 'थांब' टाइप केलं. सहीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं, 'चूक माझी आहे,' आणि खाली कशी ते लिहिलं. मी खाली माझं लिहिलं. सही दोघांची.

अधीक्षक मॅडमनी दोघांना लेखी समज दिली आणि दादाची यादी यापुढे दर महिन्याला दुसऱ्या कुणीतरी तपासायची असा हुकूम काढला. एरवी हा हुकूम ऐकून दादाला ताप भरला असता. त्या दिवशी तो नुसता "हो" म्हणाला. एक दहाला बटण कुणी दाबलं, ते मॅडमनीही विचारलं, पण त्या काउंटरवर दिवसभरात चाळीस माणसं टेकतात.

तिथून आम्ही मोठ्या सिस्टरांकडे गेलो. उपचार सुरू व्हायचे होते, तोवर त्या कामावर येतच होत्या. दादाने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं मला आधी कळायला हवं होतं. तेवढं तरी."

चष्मा काढून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही आज खरं सांगितलंत, तर मीही सांगते. तुमच्या आईचा शेवटचा आकडा मी खोटा वाचला होता."

"म्हणजे?" दादा म्हणाला.

"उतरला नव्हता. दुपटीने चढला होता. डॉक्टर तासाभरात येऊन सांगणारच होते, पण त्यांना यायला दुसरी सकाळ उजाडली. तुम्ही दोघं काउंटरला टेकून माझ्या तोंडाकडे असे बघत होतात... मला वाटलं, अशी उभ्या उभ्या नको ही बातमी. चहा पिऊन येऊ देत. दोन वर्षं तुम्ही सगळ्यांना विचारत फिरलात, आकडा उतरला होता मग गेली कशी. मला रोज वाटायचं, आज मला विचारतील. तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत."

दादाने मान हलवली. मग त्याने सिस्टरांपुढे हात जोडले आणि आम्ही जिना उतरलो.

खाली त्याच्या खोलीशी आल्यावर मी म्हटलं, "दादा, लॅबमध्ये रेकॉर्ड असेल. आईचा तो रिपोर्ट. मीसुद्धा कधी उघडला नाही. बघून सांगू का, खरंच चढला होता का?"

"नको," दादा म्हणाला.

त्याने खोलीला कुलूप लावलं, तीनदा ओढलं, चार पावलं चालला, परत फिरून चौथ्यांदा ओढलं, आणि तिथेच कुलूप हातात धरून रडायला लागला.